कोळसा, सोनें आणि अणूंची मोजदाद



आमच्या कोरेगांव भीमा गांवीं काय किंवा अन्यत्र काय, सोनाराच्या शेगडीपाशीं कोळशाची आणि सोन्याची गांठ पडते. कोळशानें जळावें आणि सोन्यानें वितळावें, एवढाच तेथें त्यांचा संबंध. रसायनशास्त्रानें या जोडीकडून निराळेंच काम करून घेतलें आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८२३ सालीं डोबेरायनर या जर्मन पंडितानें सच्छिद्र प्लॅटिनमवर हैड्रोजनचा झोत सोडला, तों तो हवेंत आपोआप पेटला! प्लॅटिनम मात्र जसेंच्या तसें राहिलें. क्रिया घडवून आणून स्वतः खर्ची न पडणाऱ्या अशा पदार्थास आपण उत्प्रेरक म्हणतों. या व्यापाराचें नामकरण बर्झेलियसनें १८३५ सालीं केलें. परंतु हें काम धातूच्या केवळ पृष्ठभागावर चालतें. पोटांतले अणू बसून खातात. म्हणून मौल्यवान धातू बारीक करून सच्छिद्र कोळशावर पसरण्याची युक्ति निघाली.

कोळशाचा विषय निघाला म्हणजे मला पाषाणची आठवण होते. कोरेगांवाहून पुणें ओलांडून तेथें गेलें कीं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. तिचे पहिले संचालक मॅकबेन यांनीं, कोळसा हैड्रोजन कसा धरून ठेवतो, याचा शोध १९०९ सालींच घेतला होता. त्यांच्या मागून आलेले फिंच हे इलेक्ट्रॉनच्या झोतानें पृष्ठभाग न्याहाळणारे शास्त्रज्ञ; शिवाय १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत प्राणवायूच्या नळकांड्या पाठीशीं बांधून २७,००० फुटांपलीकडे चढलेले गिर्यारोहक!

तथापि कोळशावरचा कण नेमका किती अणूंचा, हें त्या काळीं सांगतां येत नसे. एक कण शेंकड्यांचा, तर शेजारचा हजारांचा. मग काम कोणीं केलें? सारा वर्ग एका सुरांत पाढा म्हणूं लागला म्हणजे चुकणारा मुलगा आम्हां मास्तरांनाहि सांपडत नसे, तशांतलाच हा प्रकार.

पुढें रसायनज्ञांनीं गंधकयुक्त रेणूंचें कुंपण घालून सोन्याचे मोजक्या अणूंचे पुंज बनविले. २००८ सालीं २५ अणूंच्या पुंजाची रचना उघड झाली : मध्यें एक, त्याभोंवतीं बारा, त्यांवर आणखी बारा, आणि बाहेर अठरा रेणूंचें कुंपण. असे पुंज द्रवांतून कोळशावर बसवावयाचे आणि हलक्या आंचेनें कुंपण उतरवावयाचें. आंच वाढली कीं पुंज एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सारी मोजदाद फुकट जाते.

ही मोजदाद निव्वळ पांडित्य नव्हे. ॲसिटिलिनपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करतांना कोळशावर पाऱ्याचा क्षार वापरीत आले. तो पारा उडून जातो, आणि पारा हें जहर आहे. २०१३ च्या मिनामाता करारांत या वापरास आळा घालण्याचें ठरलें. पाऱ्याच्या जागीं सोनें उत्तम ठरेल, असें भाकीत हचिंग्ज यांनीं १९८५ सालीं केलें होतें, व तें खरें ठरलें. मात्र तें सोनें कणांच्या रूपानें राबतें कीं सुट्या अणूंच्या, हा वाद उरला. २०१७ सालीं क्रिया चालू असतांनाच क्ष-किरणांनीं तपासणी झाली, तेव्हां आढळलें कीं राबत होते ते कोळशावर एकेकटे बसलेले सोन्याचे अणू.