चहा की कॉफी? फौजी इतिहासाचं उत्तर



वीसेक वर्षं देशभर पोस्टिंगवर फिरताना एक वाद मी जवळजवळ प्रत्येक युनिटमध्ये ऐकला आहे. तब्येतीला चहा चांगला की कॉफी? कोडगूचा जवान कॉफीची बाजू घेतो, आसामचा चहाची, आणि आपला मराठी गडी आल्याच्या चहापुढे कोणाचंच ऐकत नाही. पण हा प्रश्न जगातल्या सैन्यांपुढे फार पूर्वी येऊन गेला आहे, आणि तेव्हा तो गप्पांचा नव्हता, माणसं जगवण्याचा होता.

१८५४ साल. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा रशियाच्या सेव्हास्तोपोलला वेढा घालून बसल्या होत्या. १४ नोव्हेंबरला आलेल्या वादळात बालाक्लावाजवळ रसदीची जहाजं बुडाली, त्यांच्याबरोबर गरम कपडेही गेले. अशा थंडीत ब्रिटिश शिपायाला रेशनमध्ये कॉफी मिळाली, पण हिरवी, न भाजलेली! कागदावर निर्णय बरोबर दिसत होता. भाजलेली कॉफी दमट हवेत लवकर खराब होते, कच्चे दाणे टिकतात. फक्त खंदकातल्या माणसाकडे भाजायला तवा नव्हता, दळायला जातं नव्हतं आणि जाळायला लाकूडही नव्हतं. शिपाई झुडपांची मुळं उकरून जाळत, मिळेल त्या झाकणावर दाणे भाजत आणि दगडाने कुटत.

त्या हिवाळ्यात शत्रूच्या गोळीपेक्षा कॉलरा, हगवण, स्कर्व्ही आणि थंडीने जास्त माणसं नेली. दोष कॉफीचा नव्हता, पण ओल्या खंदकात गरम पेयाचा जो आधार असतो तोही हातचा गेला. १८५५ मध्ये सर जॉन मॅकनील आणि कर्नल अलेक्झांडर टुलक यांना चौकशीसाठी पाठवण्यात आलं. त्यांनी रसदीच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. हिरवी कॉफी त्या गलथानपणाची खूण होऊन राहिली.

आता उलटं उदाहरण. अमेरिकेत १८३२ साली अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात शिपायाच्या रेशनमधली दारू काढून कॉफी आणि साखर देण्यात आली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेचा शिपाई कॉफीवरच चालला. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकल्यामुळे तिकडचे शिपाई चिकोरी आणि राय धान्य भाजून तहान भागवत. तीच कॉफी एका फौजेला जड गेली, दुसरीला आधार झाली. फरक पेयात नव्हता, बंदोबस्तात होता.

दोन्ही पेयांचा शिपायाला झालेला सर्वांत मोठा फायदा म्हणजे उकळलेलं पाणी. कॉलरा, हगवण, विषमज्वर पाण्यातून येतात. जंतूंचं शास्त्र रुळण्याआधीच किटलीने ते काम केलं. चहाला भाजणं नको, दळणं नको, चिमूटभर पत्ती पुरते. म्हणून ब्रिटिश फौजेत तो घट्ट बसला आणि तिथून आपल्या लंगरात आला. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना आरोग्यावर छोटं पुस्तक लिहायला घेतलं. त्यात त्यांनी चहा, कॉफी आणि कोको तिन्ही अनावश्यक ठरवले, पण चीनमध्ये चहामुळे पाणी उकळलं जातं हा उपयोग मात्र नोंदवला.

आज जिथे नळाचं पाणी शुद्ध असतं, तिथे तो मोठा फायदा मागे पडतो आणि बाकीचा हिशेब पुढे येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर ताज्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० सांगितली आहे. म्हणजे झोपेची तक्रार असेल तर संध्याकाळी कॉफीपेक्षा चहा बरा, आणि दोन्ही टाळले तर आणखी बरं.

दुसरा मुद्दा लोहाचा. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातलं लोह शरीरात पुरतं शिरू देत नाहीत. म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर दोन्ही घेऊ नयेत असं तीच संस्था सांगते. आपल्या देशात निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा पोळीभाजीबरोबर चहाचा कप ही सवय घरातल्या बायकांना सर्वांत महाग पडते.

तिसरा मुद्दा खास निवृत्त मित्रांसाठी. सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे साधारण ६० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० च्या आत राहा, जमल्यास २५ वर या, असं सांगते. चौकीवर पहारा करणारा आणि डोंगर चढणारा जवान ती साखर जाळतो. पेन्शनीत खुर्चीवर बसलेला सुभेदार साहेब ती साठवतो, आणि मग पॉलिक्लिनिकच्या रांगेत आपलीच पलटण भेटते.

तेव्हा वाद खुशाल घाला, पण निकाल असा आहे: आवडेल ते प्या, साखर निम्मी करा, जेवणापासून तासभर लांब ठेवा आणि पेला जरा निवू द्या. सेवेतल्या मित्रांनो, जवानापर्यंत काय पोहोचतं ते स्वतः पिऊन बघा. क्रिमियात नेमकं तेच कोणी केलं नव्हतं.

जय हिंद.