ईथरनेट आणि यंत्रांची लय

वरातीमागून घोडें आलें तर लोक हंसतात आणि विसरून जातात. यंत्रशाळेंत मात्र मागाहून आलेला हुकूम हंसण्यावारी नेतां येत नाहीं. धातु कापणाऱ्या मिलिंग मशीनवर एक मोटार टेबलाला डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढें-मागें नेते. दोघींनीं मिळून एक वर्तुळ कापावयाचें असतें. सेकंदास एक मीटर या वेगानें चाललेलें टेबल सेकंदाच्या हजाराव्या भागांत एक मिलिमीटर सरकतें. दोहोंपैकीं एकीचाच हुकूम तेवढा उशिरां पोंचत राहिला, तर वर्तुळाऐवजीं कललेलें लंबवर्तुळ तयार होतें, आणि बेअरिंगसाठीं केलेलें घर निकामी ठरतें. अशा नाजूक कामासाठीं जी तार मुळांत योजिलीच नव्हती, तीच आज तें काम करीत आहे. हें कसें घडलें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

ईथरनेटचा जन्म कचेरींतला. अमेरिकेंतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं २२ मे १९७३ रोजीं एक टिपण लिहिलें. शाळेंतील संगणकांनीं एकाच तारेवरून परस्परांशीं व छपाईयंत्राशीं बोलावें, एवढाच हेतु होता. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें त्यांनीं ती कल्पना प्रत्यक्षांत आणली. सर्व विश्व व्यापून राहिलेल्या ज्या ईथरवर एके काळीं पदार्थविज्ञानाचा विश्वास होता, त्याचें नांव या तारेस मिळालें. हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं बेटाबेटांतील संगणक रेडिओनें जोडले होते. त्यांतून मेटकाफ यांना स्फूर्ति मिळाली.

या तारेचा नियम अध्यक्ष नसलेल्या सभेसारखा होता. ज्याला बोलावयाचें त्यानें आधीं कान द्यावा. शांतता असेल तर बोलावें. दोघे एकदमच बोलूं लागले तर दोघांनींहि थांबावें आणि किती वेळ थांबावयाचें तें ज्यानें त्यानें फांसे टाकून ठरवावें. पुन्हां टक्कर झाली तर फांशांवरील आंकडे वाढत जातात. पुढें मानक ठरलेल्या, सेकंदास एक कोटि बिटांच्या ईथरनेटमध्यें अशी एकच प्रतीक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या बावन्नपट लांबूं शकते, आणि सोळा वेळां प्रयत्न फसल्यास संदेश टाकूनच दिला जातो. कचेरींत कागद डोळ्याची पापणी लवण्याइतका उशिरां छापला गेला, तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु वर सांगितलेलें टेबल तेवढ्या अवधींत बावन्न मिलिमीटर पुढें गेलेलें असतें!

यंत्रांचा संसार तोंपर्यंत वेगळ्या रीतीनें चालत होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें १९५२ सालीं छिद्रें पाडलेल्या पट्टीवरील आंकड्यांनीं चालणारें मिलिंग मशीन दाखविण्यांत आलें. पुढें दीर्घकाळ प्रत्येक मोटारीस स्वतंत्र तार असे आणि तींतील विजेच्या दाबावरून मोटारीनें आपला वेग ओळखावा, अशी वहिवाट होती. तारांचे जुडगे वाढले, तशी त्यांत शेजारच्या यंत्रांची विद्युत्-कुरकुरहि शिरूं लागली. तेव्हां जर्मनींत सर्कोस नांवाची पद्धति निघाली; १९९५ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. कांचतंतूच्या एका कड्यांत सर्व मोटारी ओंवलेल्या असत. नियंत्रक ठराविक काळानें इशारा देई आणि प्रत्येक मोटार नेमलेल्या क्षणींच बोले. शिस्त उत्तम होती, परंतु तिचे सुटे भाग खास बनवावे लागत आणि म्हणून महाग पडत.

इकडे कचेऱ्यांच्या मागणीमुळें ईथरनेटचे भाग अतिशय स्वस्त झाले. १९९५ सालीं त्याचा मानक वेग दहापट झाला. प्रत्येक संगणकास स्वतंत्र तार देऊन संदेशांची वांटणी करणारा स्विच आला, आणि १९९७ च्या मानकानें एकाच वेळीं बोलण्याची व ऐकण्याची सोय झाली; टक्कर संपली. आतां अडचण उरली नाहीं, असें वाटणें साहजिक होतें. परंतु टकरीच्या जागीं रांग आली. सेकंदास दहा कोटि बिटांच्या तारेवर पूर्ण आकाराचा एक संदेश जाण्यास सुमारें १२१ मायक्रोसेकंद लागतात. त्याच्यामागें अडकलेल्या चिमुकल्या तातडीच्या हुकुमास तितकें थांबावेंच लागतें, आणि वाटेंतील प्रत्येक स्विचवर हाच प्रसंग येऊं शकतो. वेग व वक्तशीरपणा हे एकच गुण नव्हेत, ही गोष्ट येथें स्पष्ट झाली.

उपाय निरनिराळ्या कंपन्यांनीं निरनिराळे काढले. ऑस्ट्रियांतील बी अँड आर कंपनीच्या पॉवरलिंकमध्यें (२००१) सभेला अध्यक्ष मिळाला. तो ज्याचें नांव घेईल त्यानेंच बोलावें. जर्मनींतील बेकहॉफ कंपनीच्या ईथरकॅटमध्यें (२००३) एकच संदेश सर्व मोटारींमधून न थांबतां धांवतो. चालत्या टपालगाडींतून आपली थैली उचलावी आणि आपली थैली तींत टाकावी, तसें प्रत्येक मोटार करते. प्रॉफिनेटच्या एका प्रकारांत प्रत्येक फेरींतील कांहीं काळ तातडीच्या संदेशांसाठीं राखून ठेवतात. सर्कोसनेंहि आपल्या तिसऱ्या आवृत्तींत ईथरनेटचाच आश्रय केला.

तथापि खरी किल्ली घड्याळांत होती. आय्. ई. ई. ई. या अभियंत्यांच्या संस्थेनें २००२ सालीं तारेवरून घड्याळें जुळविण्याचें १५८८ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. मुख्य घड्याळ आपली वेळ कळवितें. दुय्यम घड्याळ संदेशाच्या जाण्यायेण्यास लागलेला काळ मोजून त्याचें अर्ध वाटेंतला विलंब म्हणून धरतें आणि आपली चूक सुधारून घेतें. ईथरकॅटमध्येंहि याच धर्तीची योजना असून तेथील घड्याळांत मायक्रोसेकंदाहूनहि कमी फरक राहतो. त्यामुळें हुकूम थोडा आधीं पोंचला तरी चालतें; तो अमलांत येतो तो ठरल्या ठोक्यावर. गायक व तबलजी वाटेंत कितीहि स्वच्छंद फिरले तरी समेवर एकत्र येतात, तशीच ही जुळणी होय.

एवढें साधलें, तरी एकी साधली नाहीं. कारखान्यांतील तारांची एक भाषा ठरावी म्हणून पूर्वीं प्रदीर्घ वाद झाला होता. त्याच्या अखेरीस २००० सालीं निघालेल्या एकाच आंतरराष्ट्रीय मानकांत आठ वेगवेगळ्या पद्धतींना जागा द्यावी लागली. ईथरनेटच्या आगमनानें हें भांडण मिटेल अशी आशा होती. पण तार एक झाली आणि बोली अनेकच राहिल्या. एका पद्धतीची मोटार दुसऱ्या पद्धतीच्या नियंत्रकास सहसा ओळखीत नाहीं, आणि कारखानदार ज्या दारांतून एकदां आंत शिरला तेथेंच बांधला जातो. २०१२ पासून टाइम-सेन्सिटिव्ह नेटवर्किंग या नांवानें चाललेला प्रयत्न यासाठींच आहे. त्यांतील २०१५ च्या अखेरीस संमत झालेल्या नियमानुसार स्विच हाच वेळापत्रक पाळतो. तातडीच्या संदेशाची वेळ झाली कीं इतरांसाठीं फाटक बंद होतें.

ज्या तारेचें सारें वैभव कोणीहि केव्हांहि बोलावें या मोकळिकींत होतें, तिला यंत्राच्या सेवेंत येतांना ती मोकळीक सोडावी लागली. नुसत्या वेगानें जें झालें नाहीं, तें नेमलेल्या वेळेनें झालें. आतां उरला आहे तो प्रश्न तारेचा नाहीं. तिच्यावर एकच बोली बोलण्यास माणसें कितपत तयार होतात, याचा आहे.