बाद झालेल्याचा शेरा

गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धांचे विषय बदलले आहेत. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’ यांनी आमच्या पिढीच्या रंगपेटीतला हिरवा रंग संपवला. आता घोडबंदर रोडचं संकुल असो की डोंबिवली पूर्वेची जुनी सोसायटी, फळ्यावर नोटीस लागते ती ‘माझा आवडता नायक’ अशी, आणि कागदांवर शिवाजी महाराज, विठोबा, धोनी, शिनचॅन सगळे शेजारीशेजारी उतरतात. हौशी कार्यकर्ते असतील तर एका बैठकीत निकाल लावत नाहीत. फेऱ्या होतात, दर फेरीला काही जण गळतात आणि गळणाऱ्याला परीक्षक त्याच्या चित्रात काय जमलं, काय राहिलं ते सांगतात.

हे सगळं मोबाइलसोबत आलं असं वाटतं खरं. पण चाहत्यानं काढलेलं चित्र, बाद फेरी आणि परीक्षकाचा शेरा ही तिन्ही प्रकरणं आपल्याकडे जुनी आहेत आणि तिन्हींची घराणी वेगळी आहेत.

चाहत्याच्या चित्रापासून सुरुवात करू. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरच्या भिंतींवर चढल्या. पण आपल्याकडच्या बायकांनी ही चित्रं आणून नुसती टांगली नाहीत. लक्ष्मीच्या छापील साडीवर खऱ्या कापडाचा तुकडा बेतून चिकटवला, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक चढ्या भावानं घेतात. मूळ चित्र दुसऱ्याचं, त्यावरचं प्रेम आपलं आणि त्या प्रेमापोटी केलेली भर हातची. आजची मुलं आवडत्या नायकाला आपल्या आवडीचे कपडे चढवतात, ते याहून वेगळं नाही. या बायकांची नावं मात्र कुठल्याच फ्रेमवर नाहीत.

चाहत्याला कमी लेखायची आपली सवय एका पंढरपूरकरानं पुढे चांगलीच मोडली. मकबूल फिदा हुसेन ‘हम आपके हैं कौन’ पुन्हा पुन्हा पाहत राहिले, माधुरी दीक्षितची मालिकाच्या मालिका रंगवली आणि २००० साली तिला घेऊन ‘गजगामिनी’ हा चित्रपट काढला. सिनेमा म्हणून तो मला कधीच झेपला नाही. पण ऐंशीच्या घरातला जगप्रसिद्ध चित्रकार उघडपणे कुणाचा तरी फॅन होतो, याचं अप्रूप वाटतं.

बाद फेरीचं घराणं साहेबी. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवायचं, निवड समितीनं घेतलं तर ते भिंतीवर लागणार, नाही घेतलं तर परत. भिंतीवर लागलेल्यांतून पदकं. महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ साली इथलं सुवर्णपदक मिळालं आणि तिथून त्यांचं नाव झालं. पण परत आलेल्या चित्रांचं काय? समिती कारण सांगायला बांधील नव्हती. चित्र परत आलं की काय चुकलं ते ज्याचं त्यानं ताडावं.

हीच रीत शाळेत उतरली ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांतून. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात जन्मलेल्या बहुतेकांनी स्मरणचित्राच्या पेपरात भाजीवाली काढलेली असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असं सगळं होतं, कागद गोळा होतात आणि काही महिन्यांनी शाळेत एक अक्षर येतं: अ, ब किंवा क. ‘क’ मिळालेल्या मुलाला तांब्याची लंबवर्तुळं वाकडी होती की छाया उलट्या बाजूला पडली होती, हे कधीही कळत नाही. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून पालक खूश. या परीक्षांनी लाखो मुलांच्या हातात ब्रश दिला, हे त्यांचं ऋण आहेच. पण शेरा त्यांनी दिला नाही.

शेऱ्याचं घराणं शोधायला एकाच माणसाची गोष्ट पुरेशी आहे. कृष्णाजी हौळाजी आरा मुंबईत मोटारी धुवून पोट भरत. त्यांची चित्रं टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रुडी फॉन लायडन आणि त्याच वृत्तपत्राचे कलादिग्दर्शक वॉल्टर लँगहॅमर यांच्या नजरेला पडली. लँगहॅमर नाझींपासून पळून व्हिएन्नाहून आलेले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत, काढलेलं दाखवत आणि चर्चा होई. पदक नाही, क्रमांक नाही, बादही कुणी नाही. आरांना त्यांनी केतकरांच्या कलासंस्थेत शिकायला धाडलं. पुढे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं आरांचं मोठं चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीनं नाकारलं. तो राग सूझा, रझा, हुसेन अशा मंडळींच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला १९४७ मध्ये खतपाणी घालून गेला, असं सांगतात. एकच चित्रकार, एकच शहर. एका ठिकाणी त्याला रस्ता सापडला, दुसऱ्या ठिकाणी दार बंद झालं. बाद करणारे आणि शिकवणारे तोवर वेगवेगळ्या खोल्यांत बसत होते.

त्यांना एका मंचावर आणलं ते, माझ्या मते, चित्रकलेनं नव्हे तर एकांकिकेनं. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनं १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला. प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरी हा साचा कॉलेजच्या पोरांच्या अंगवळणी पडला आणि सोबत एक प्रथा रुजली: निकालाआधी परीक्षकांचं मनोगत. पोरांना निकाल हवा असतो, पण तोवर बसून ऐकावंच लागतं. नेपथ्य बोलकं होतं, संहिता तिसऱ्या प्रसंगात घसरली, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला नाही. २०२२ साली तर इथं कुणीच त्या तोडीचं नाही म्हणून मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर बरंच वादंग झालं. मला तो निर्णय कठोर वाटला तरी अप्रामाणिक वाटला नाही.

ठाणे-डोंबिवलीच्या कॉलेजांतली मुलं या वातावरणात मुरलेली. डोंबिवलीत पाय रोवलेल्या चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीची रात्र जागवते, वर्षभरातल्या विजेत्या एकांकिकांनाच पुन्हा एकमेकींसमोर उभं करते आणि परीक्षकांच्या क्रमांकांखेरीज प्रेक्षकांची पसंतीही वेगळी मोजते. घरबसल्या मतं पाठवण्याचा टीव्हीचा खेळ येण्याआधीच ही सोय आपल्याकडे होती.

टीव्हीनं मात्र मामला बिघडवला. २००४ साली सुरू झालेल्या इंडियन आयडलमध्ये आपला अभिजीत सावंत जिंकला आणि ‘एलिमिनेशन’ हा शब्द आजीच्या तोंडी आला. मराठी ‘सारेगमप’नं गुण आकड्यांऐवजी सुरांत द्यायची गोड युक्ती काढली. ‘ध’ मिळाला की ‘नी’, यावर घराघरांत वाद झडले. लिटल चॅम्प्सच्या पर्वात परीक्षक मुलांशी फार ममतेनं बोलत, हे खरंच. पण एकूण कार्यक्रमांचा कल असा झाला, की बाद होणं हाच मुख्य प्रसंग. ढोल, थबकलेले चेहरे, जाहिरात, अश्रू. शेरा जिंकणाऱ्याच्या कौतुकात वाहून गेला आणि बाद झालेल्याच्या वाट्याला मिठी आली.

आपल्या ठाणे-डोंबिवलीच्या भागात शेऱ्याची जुनी रीत टिकली आहे ती रांगोळीच्या प्रदर्शनांत आणि स्पर्धांत. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थाननं १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती पुढे ठाणे, गिरगाव करत राज्यभर पसरली. तिच्यासोबत रस्ते आणि सभागृहं रांगोळीनं भरू लागली. व्यक्तिचित्राची रांगोळी म्हणजे चाहत्याचं चित्र, तेही पुसलं जाणार हे ठाऊक असताना काढलेलं. शाळेच्या हॉलमधलं दृश्य असं: पंखे बंद, घामाच्या धारा, फरशीवर खडूनं आखलेल्या चौकटी, शेजारी तसेच चौकोन पाडलेला फोटो. लता मंगेशकरांच्या गालावर लेक कलर मिसळलेली रांगोळी चिमटीतून भुरभुरते. त्वचेच्या एका छटेसाठी चार वाट्या लागतात. परीक्षक अनवाणी येतात, आधी पायथ्याशी उभे राहतात, मग गुडघ्यावर बसतात. तयारीचे परीक्षक सर्वात आधी डोळ्यांतला पांढरा ठिपका पाहतात. दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला असेल तर नजर जिवंत होते. चुकला असेल तर तिथंच सांगतात, आणि रांगोळी असल्यामुळे तिथंच दुरुस्त करता येतं. जलरंगातल्या चित्राला ही मुभा नाही.

तेव्हा यंदा मंडळात कुणी अशी फेऱ्यांची स्पर्धा घेणार असेल, तर एवढं करावं. परीक्षक म्हणून नगरसेवकाला बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, नारळ त्यांच्याच हातून फोडा. पण चित्र पाहायला स्वतः चित्र काढणारा माणूस बसवा. ‘छान प्रयत्न’ हा शेरा बाद ठरवा, कारण त्यातून कुणाला काही कळत नाही. एक जमलेली गोष्ट, एक राहिलेली गोष्ट आणि पुढच्या वेळी करून पाहायची एक गोष्ट, अशा तीन ओळी प्रत्येक गळणाऱ्या मुलाच्या कागदामागे पेन्सिलीनं लिहा. त्यानं चित्र कसं काढलंय ते पाहा, कुणाचं काढलंय यावर बोलू नका. शिनचॅन तुम्हाला आवडत नसेल तर तो तुमचा प्रश्न. आणि बक्षीस समारंभाच्या गडबडीत चित्रं मंडळाच्या कपाटात कोंबून ठेवू नका, ती त्याच संध्याकाळी मुलांना परत द्या.