टॉवरचं भाडं आणि एक दशांशाची गोष्ट

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेल्या रविवारी सभा झाली. विषय एकच, गच्चीवर मोबाईल टॉवर घ्यायचा का? सेक्रेटरी म्हणाले, भाड्यातून लिफ्टचा खर्च निघेल. समोरून व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड वाचले गेले. शेवटच्या मजल्यावरच्या काकू एवढंच म्हणाल्या, "माझी केमो आत्ताच संपलीय. खरं काय ते कुणीतरी सांगा रे." सगळे गप्प. मीही.

घरी येऊन वाचत बसलो. ही भांडणं जुनीच आहेत, आणि त्यातूनच देशाचा नियम बदललाय.

२००८ मध्ये आपण टॉवरच्या रेडिएशनसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारली. ऑगस्ट २०१० मध्ये सरकारने त्यावर आंतरमंत्रालयीन समिती नेमली. डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी दूरसंचार विभागाला अहवाल दिला की ही मर्यादा फार सैल आहे. मुंबईत रहिवासी बोलू लागले, जुही चावलाही. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या. (आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत, हे फॉरवर्डमध्ये नसतं!) कंपन्यांचं म्हणणं, मर्यादा उतरवली तर टॉवर जास्त लागतील.

शेवटी १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा एक दशांशावर आली. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट.

आता नीट बघा. टॉवरमुळे आजार होतो हे सिद्ध झालं म्हणून नियम बदलला नाही. तसा पटण्याजोगा पुरावा नाही, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. एका प्राध्यापकाने शंका आकड्यांत मांडली, लोकांनी ती लावून धरली, आणि समितीने खबरदारीची बाजू घेतली. सगळे शास्त्रज्ञ गिरीश कुमारांशी सहमत नव्हते, आजही नाहीत. पण नुसत्या आरडाओरड्याने ४.५ चा ०.४५ झाला नसता.

काकूंना मी हेच सांगितलं. "धोका आहे" म्हणालो नाही, "काही होत नाही" असंही नाही. शुल्क भरून सरकारकडून रेडिएशन मोजून घेता येतं, 'तरंग संचार' पोर्टलवर. शेजारच्या इमारतीवर टॉवर आहेच. आधी काकूंच्या खिडकीत मोजू, मग मत देऊ, असा अर्ज मी कमिटीला दिलाय.

तुमच्या सोसायटीत कुणी मोजून घेतलंय का? आकडा सांगा.