महादेवाला कबूल केलेलं लोखंड

नागपुरात कुणी ‘महादेवाला जाऊन राहिलो’ म्हटलं, की कोणत्या महादेवाला हे विचारावं लागत नाही. तो पचमढीचा. सातपुड्यातला चौरागड, खालची मोठ्या महादेवाची गुहा, जटाशंकरची कपार आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारी. कैलास-मानसरोवर आमच्या वस्तीत कीर्तनातच ऐकायचं. ६,६३८ मीटरचा तो डोंगर तिबेटात. १९६२ च्या युद्धानंतर तिकडची वाट बंद झाली, १९८१ साली उघडली तीही पासपोर्ट आणि वैद्यकीय तपासणीतून पार पडलेल्या मोजक्यांसाठी. पारडीच्या हमालाला, कामठीच्या विडी कामगाराला डोंगरावरचा शंकर भेटायचा तो सुमारे तेराशे मीटरवर, हजारावर पायऱ्या चढून.

मी नवसाचा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आईची कूस उजवेना, तेव्हा आजीनं महादेवाला त्रिशूळ कबूल केला. माझ्या पाठीवर दोन बहिणी झाल्या, पण घरात नवसाचा म्हणून वेगळा जीव लावला गेला तो मला. पुढं मी एसटीत कंडक्टर झालो आणि जत्रेच्या जादा गाड्यांवर गणेशपेठहून पचमढीला जाऊ लागलो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली, आणि मग घाट. त्याआधीच्या पिढ्या इतवारीहून छोट्या लाईनच्या गाडीनं छिंदवाड्याला उतरायच्या, आणि त्याही आधीच्या घरापासूनच पायी निघायच्या.

त्रिशूळ गाडीत चढवणं हे मोठं काम असे. लोहाराकडून ताजा आलेला, अजून तेलाचा वास असलेला. तिन्ही टोकांना लिंबं खोचलेली, म्हणजे कुणाला लागू नये. दांड्याला लाल फडकं. हातभर लांबीचे पुष्कळ, पण दोघांनी खांद्यावर घ्यावे लागतील असेही येत. एकदा मी एक मोठा त्रिशूळ टपावर टाकायला सांगितला, तर एक म्हातारी दारातच आडवी झाली. “टपावर नका टाकू जी भाऊ, देवाचा होय थो.” मग तो दोन्ही बाजूंच्या आसनांमधून आडवा गेला, आणि सावनेरपासून मटकुलीपर्यंत प्रत्येक उतारू त्याला हात लावून, हात कपाळाला नेऊन मगच ओलांडायचा.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली. १८४४ साली छापलेल्या स्लीमनच्या आठवणींत महादेवाची ही यात्रा आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. त्याआधी तो नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. तो सांगतो, मूल नसलेली बाई साऱ्या देवांना नवस बोलते आणि कशानंच गुण आला नाही, तर पहिला मुलगाच महादेवाला कबूल करते. मुलगा झाला तर तो जाणता होईपर्यंत ती हे पोटात ठेवते. मग एक दिवस त्याला सांगते. त्या दिवसापासून तो स्वतःला देवाचा समजतो, कुणाला चकार शब्द न बोलता यात्रेकरूचा वेश घेतो, शंकराची मोठमोठी ठाणी फिरतो आणि जत्रेच्या दिवशी महादेवाच्या डोंगरावरून, चार-पाचशे फुटांच्या कड्यावरून खाली उडी घेतो. पहिल्या खेपेला मन धजलं नाही तर आणखी एक वर्ष तीर्थं करून परत येतो.

मी थोरला, नवसाचा. ते पान मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. साहेब लोक आपल्याकडचं भयंकर तेवढं वेचून लिहीत, हे खरं. पण आईनं नवस पोटात ठेवण्याचा तो तपशील कुणी बसल्या जागी रचेल असं मला वाटत नाही. आणि माझा तर्क असा, की आज चौरागडावर जे लोखंड चढतं ते त्या मुलाच्या जागी चढतं. ही अदलाबदल केव्हातरी कुठल्यातरी आईनंच केली असणार. कड्यावर पोर द्यायचं नाही आणि देवाचा शब्दही मोडायचा नाही, यातून तिनं ही वाट काढली.

नागद्वारीच्या वाटेवर काजळी गाव आहे. तिथली कथाही नवसाचीच. मूल होऊ दे, तुझ्या डोळ्यांत काजळ घालीन, असं एक बाई नागदेवाला बोलली. मूल झालं, ती काजळ घेऊन गेली आणि समोर प्रकटलेलं ते प्रचंड रूप पाहून तिचा प्राण गेला. चिखलात, शिड्यांवरून, ओढे ओलांडत जाणाऱ्या बाया ही गोष्ट एकमेकींना सांगतात आणि तरीही पुढं चालतात.

हे डोंगर आश्रयाचेही आहेत. भस्मासुर मागे लागला तेव्हा शंकर जटाशंकरात लपला, अशी श्रद्धा. नागपूरचे आप्पासाहेब भोसले मात्र इतिहासात लपले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरल्यावर इंग्रजांनी त्यांना कैद केलं. मे १८१८ मध्ये अलाहाबादकडे नेताना जबलपूरच्या अलीकडे ते शिपायाच्या वेशात निसटले आणि याच महादेवाच्या डोंगरांत गोंड-कोरकूंच्या आधारानं १८१९ च्या सुरुवातीपर्यंत टिकून राहिले. पुढं असीरगड, लाहोर, हिमालयाच्या कुशीतलं मंडी, आणि शेवट १८४० साली जोधपुरात. आमच्या राजाला हिमालय दिसला तो असा, परागंदा होऊन.

नंतर कॅप्टन फोर्सिथ १८६२ मध्ये पचमढीत बंगला बांधून राहिला आणि ते ठिकाण साहेबांचं झालं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा उन्हाळ्यात सरकार पचमढीला मुक्काम हलवायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात आलं, पचमढी मध्य प्रदेशात राहिली, आणि एकाच मुलखातली यात्रा परराज्यातली झाली. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झालं. नागद्वारीचा रस्ता आता वर्षातून त्या दहाएक दिवसांपुरताच उघडतो. वाघांसाठी हे हवंच. पण त्या दिवसांत नागपूरची सेवा मंडळं रानात तंबू ठोकून अनोळखी माणसांना गरम जेवण वाढतात, त्या कामाची नोंद कुठल्या गॅझेटियरात सापडत नाही.

चौरागडावर मंदिराच्या अंगणात त्रिशुळांचा खच पडलेला असतो. (राणी दुर्गावतीच्या हकिकतीतला चौरागड हा नव्हे; तो किल्ला नरसिंहपूरकडचा.) पुष्कळ त्रिशुळांवर नाव-गाव कोरलेलं आहे, काहींवर सालही. पचमढीचा पाऊस दणकून पडतो आणि गंज आधी बारीक अक्षरं खातो. नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयानं इतिहासाची चार पोरं महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर वर पाठवावीत, वही-पेन्सिल आणि तारेचा ब्रश देऊन. जेवढी नावं वाचता येतील तेवढी उतरवून घ्यावीत, बायांची आधी.