लाकडी शमादान आणि कातारी

वेदीवरील मेणबत्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती जळते तेव्हा ख्रिस्त हा जगाचा प्रकाश आहे, याची आपल्याला आठवण होते. परंतु ती ज्याच्या आधाराने उभी राहते त्या शमादानाकडे, आणि ते घडविणाऱ्या कारागिराकडे, आपले लक्ष सहसा जात नाही.

पोप आठवे क्लेमेंट यांच्या काळात, 1600 साली प्रसिद्ध झालेल्या महागुरूंच्या विधिग्रंथाने वेदीवर सहा शमादाने सांगितली. क्रूसाजवळची सर्वांत उंच, बाहेरची क्रमाने ठेंगणी. महागुरू स्वतः मिस्सा अर्पण करीत तेव्हा सातवे. सधन मंदिरांत ही चांदीची असत. गरीब मंदिरांनी लाकडाचा आश्रय घेतला. लाकडावर खडू व सरस यांचा लेप देऊन त्यावर सोन्याचा वर्ख चढविला की दुरून धातूचाच भास होई. चांदी मात्र संकटकाळी वितळविता येते, लुटलीही जाते. लाकडाचा लोभ कोणाला नसतो.

आपल्या किनाऱ्यावर लाकडाची वाण नव्हती. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. खाडीपलीकडे कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये घेतला व तेथे जहाजे बांधावयास आरंभ केला. रुय लैताव व्हिएगस याच्या हाताखालील पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होते. 1659 मध्ये ते निघून गेले. म्हणजे लाकूडकामाची विद्या राज्यांच्या सीमा ओलांडून जात होती.

लाकूड गोल कातणाऱ्यास मराठीत कातारी म्हणतात. पलंगाचे खूर, पाळण्याचे दांडे, लाटणी ही त्याची नित्याची कामे. शमादान हे पलंगाच्या खुराचेच भावंड होय: तेच मणी, तेच गळे, तीच फुगीर कळशी. जुन्या पद्धतीत एक जण लाकडाभोवती गुंडाळलेली दोरी पुढेमागे ओढी व दुसरा पटाशी धरी. लाकूड आळीपाळीने दोन्ही दिशांनी फिरे, म्हणून पटाशी एकाच फेऱ्यात कापी व परतीच्या फेऱ्यात थांबे. लांब दांडा फिरताना मध्येच थरथरतो, यास्तव उंच शमादान तुकड्यातुकड्यांनी कातून एकमेकांत बसविले जाई. शिरावर धातूची वाटी बसे. तिच्यामुळे ज्योत व वितळते मेण लाकडापर्यंत पोहोचत नसे. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते, आणि केवड्याच्या पानाने तिला झिलई येते. एकाच विद्येतून खेळणी आणि शमादाने दोन्ही घडू शकतात.

पवित्र आठवड्यातील अंधारविधीसाठी पंधरा मेणबत्त्यांची त्रिकोणी घोडी असे. स्तोत्रागणिक एकेक ज्योत विझे. शेवटची न विझविता वेदीमागे लपवीत व पुन्हा बाहेर आणीत. 1955 साली पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याचे विधी सुधारल्यावर ही प्रथा मागे पडत गेली. पुढे 1969 च्या नव्या मिस्साविधीने किमान दोन मेणबत्त्या पुरेशा मानल्या. वेदी लोकांसमोर आली आणि उंच शमादाने दृष्टीआड ठरू लागली. अनेक ठिकाणी ती माळ्यावर गेली. तेथे वाळवी त्यांची वाट पाहत होती.

आज भिवंडीजवळच्या राहनाळ, काल्हेर, कशेळी या गावांत गुदामांच्या रांगा उभ्या आहेत. ज्या मुलुखात एके काळी जहाजे बांधली गेली तेथे आता तयार माल साठविला जातो. लेथही आता विजेवर फिरतो आणि दोरी ओढणारा दुसरा माणूस लागत नाही. याचे दुःख करीत बसण्याचे कारण नाही. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. दुःख याचे, की जुने शमादान कोणी कातले हे सांगणारी माणसे जाताहेत आणि वस्तूही जळणात जाताहेत.

गोव्यात 1994 साली राशोल येथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले. पुढे ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले. प्रत्येक धर्मग्रामाला संग्रहालय काढता येणार नाही. पण माळ्यावरचा मोडका दांडा टाकण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढणे, माप लिहून ठेवणे, घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारणे, एवढे प्रत्येक कुटुंबाला जमेल. ज्या हातांनी ज्योतीला आधार दिला, त्या हातांचे हे ऋण आहे.