कोल्हापूरच्या पेठा आणि त्यांतील बिऱ्हाडे

नगराचा तट पाडता येतो, परंतु वेशीचे नाव लोकांच्या तोंडून सहसा जात नाही. कोल्हापुरात गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस ही नावे आजही चालू आहेत. वेशी मात्र राहिल्या नाहीत. बिंदू चौकातून जाताना तटाचा जो अवशेष दिसतो, तो श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तीर्थांचीही तीच गत झाली. कपिलतीर्थावर मंडई भरते, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. वेशी गेल्या, तळी गेली, तरी पेठांतील माणसे राहिली. आता प्रश्न त्या माणसांचाच आहे.

१७८२ साली राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली. राजवाडा आणि अंबाबाईचे देऊळ यांच्या भोवती दरबारी मंडळी, शिलेदार, कारागीर व व्यापारी यांची वस्ती दाटत गेली. वारांच्या नावांनी पेठा ओळखल्या जाऊ लागल्या. पेठ म्हणजे नुसती घरांची रांग नव्हे. वाड्याच्या दर्शनी भागात मालक, मागच्या सोप्यात भाड्याची बिऱ्हाडे, कोपऱ्यावर दुकान आणि हाकेच्या अंतरावर तालीम, अशी तिची घडण असे. ही तालीम केवळ कुस्तीची जागा राहिली नाही. गणपती, मोहरम, पुढे फुटबॉल, सारे तिच्याच आश्रयाने वाढले. पाटाकडील, दिलबहार ही नावे आज मैदानावर गाजतात, तेव्हा खेळाडूंच्या मागे सारी गल्ली उभी असते. गल्ली विखुरली तर असा संघ कशावर उभा राहावयाचा?

शहर वाढले नाही असे नव्हे. १८९१ साली मिरजेहून आगगाडी आली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. गुळाचा व्यापार तेथे भरभराटीस आला. पुढे राजारामपुरी आखली गेली. तिच्या गल्ल्यांना तर क्रमांकच पडले. या दोन्ही प्रसंगी नवा व्यापार व नवी घरे मोकळ्या जमिनीवर गेली, आणि जुन्या पेठांतील बिऱ्हाडांस उठावे लागले नाही. अर्थात् हे सुलभ होते, हेही सांगितले पाहिजे. १९०१ च्या खानेसुमारीत कोल्हापूरची वस्ती अवघी ५४,३७३ होती, आणि जमिनीबाबत संस्थानचा शब्द अखेरचा असे.

२०११ साली हीच संख्या ५,४९,२३६ झाली. १९७२ साली महानगरपालिका स्थापन झाली, परंतु तिची हद्द पुढे चार दशकांहून अधिक काळ होती तेवढीच राहिली. हद्दवाढीस भोवतालच्या गावांनी विरोध केला, आणि त्यांस दोष देणे न्याय्य होणार नाही. शेतजमीन व घरपट्टी यांविषयीची त्यांची धास्ती खरी होती. २०१७ साली मध्यममार्ग म्हणून बेचाळीस गावांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले. तथापि, शहरास बाहेर पसरता येईना तेव्हा ते वर चढू लागले, आणि देवळाजवळच्या जुन्या वाड्याच्या जागेस सोन्याचा भाव आला.

वाड्यातील भाडेकरूचा आधार काय? भाडेनियंत्रणाचा कायदा. मुंबई सरकारच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधली, आणि १९४९ मध्ये कोल्हापूर विलीन झाल्यावर मुंबई राज्याचे कायदे इकडेही आले. त्यामुळे बिऱ्हाडे टिकली, परंतु घरे खचली. जे भाडे कौले शाकारण्यासही पुरत नाही, त्यातून मालकाने वासे कोठून बदलावेत? १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही गोठलेली भाडी अवाजवी ठरविली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या कायद्याने दरसाल शेकडा चार वाढीची मुभा दिली. परंतु मूळ भाडेच मूठभर, तेथे शेकडा चार म्हणजे चिमूटभर. मुंबई शहरात जुन्या चाळींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निघाले, उपकर बसला. ती सोय मुंबई बेटापुरतीच राहिली. कोल्हापूरच्या वाड्यांस तसले मंडळ लाभले नाही. म्हणून येथे मालकापुढे बहुधा दोनच वाटा उरतात: वाडा पडू देणे किंवा विकणे. भाडेकरूस ठेवून घर सावरण्याची तिसरी वाट कायद्यात असली, तरी एवढ्या भाड्यावर ती चालणे अवघड, आणि हीच त्यातील मोठी उणीव होय.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिराच्या विकासासाठी सुमारे १,४४५ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. यात्रेकरूंची गैरसोय दूर व्हावी हे कोणासही पटेल. पण देवळाभोवतीच्या गल्ल्यांत ओटीचे साहित्य विकणारा, फुलांच्या माळा गुंफणारा, माडीवर दोन खोल्यांत राहणारा, असे शेकडो लोक देवळावरच जगतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मालकाबरोबर असा रहिवासी व उपजीविका गमावणारा यांचीही गणना बाधित कुटुंबांत होते. मात्र त्याचा तेथील वास किंवा व्यवसाय तीन वर्षांचा असावा लागतो. वाडा मालकाने आपखुशीने बिल्डरास विकला, तर हा कायदा त्या व्यवहाराकडे पाहत नाही. मालमत्तापत्रकावर तर मालकाचेच नाव असते. मग तीन पिढ्या तेथे काढलेल्या बिऱ्हाडाजवळ दाखविण्यास उरते ती भाड्याची पावती, शिधापत्रिका आणि विजेचे बिल.